उतार नसलेलं पाणी

त्यांना काहीही दाखवलं, तरी ते आधी हनुवटी वर करायचे, मग उजवा हात पालथा करून हवेत झटकायचे आणि म्हणायचे, "त्यात काय हाय?" कुणाची नवी गाडी असो, पोरीचे मार्क असोत की लग्नातला बासुंदीचा बेत, सगळ्यांना एकच झटका. असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल आणि तुम्हालाही तो आवडत नसेल. मला तर ते मुळीच आवडत नसत, हे आधीच सांगून टाकते.

नांदेडच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, तिथं ते पाण्याच्या प्रयोगशाळेत सहायक होते. काचेच्या लांब पन्हळीतून पाणी सोडायचं, मुलांनी त्याचा वेग मोजायचा, तास संपला की तेच पाणी पुन्हा टाकीत घ्यायचं. तीस वर्षं हे केलेला माणूस, पण तोरा असा की गोदावरी यांनीच सोडली आहे. प्राध्यापकांना ते 'पुस्तकातले लोक' म्हणत. माझ्या दारात उभे राहून विचारत, "मॅडम, एवढी पुस्तकं राखून राहिल्या, वाचतं कोण?" आणि उत्तराला न थांबता निघून जात. उत्तर माझ्याकडं नव्हतंच, त्यामुळं राग जास्त यायचा.

राहायला ते विष्णुपुरीच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकाठच्या एका खेड्यात होते. बायको कितीतरी वर्षांपासून लातूरला माहेरी. का, ते कुणी विचारलं नाही. असल्या माणसाबरोबर कोण राहील, असा निकाल आम्ही स्टाफरूममध्ये चहा पिता पिता परस्पर देऊन टाकला होता.

त्या हिवाळ्यात मी एकटीनं समुद्र बघायला जायचं ठरवलं. वय एक्केचाळीस, लग्न केलेलं नाही, वाढले निलंग्यात. समुद्र फक्त चित्रात पाहिलेला. आमच्या स्टाफरूमला एकटी बाई प्रवासाला निघाली, हे काही पचेना. "एकट्याच?" असं मला सात जणांनी विचारलं. एका बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "तिकडं कुणी हाय का?" पन्नास माणसांच्या बसमध्ये भेळ खात तीर्थयात्रा करणारी ही मंडळी, त्यांना काय सांगायचं?

त्यांच्याही कानावर गेलंच. हात झटकून म्हणाले, "समुद्र म्हणजे उतार नसलेलं पाणी. त्यात काय हाय?" मात्र एकट्या का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तिथं ओहोटी किती वाजता लागती?"

"मला काय माहीत?"

"मग कशाला चालल्या?" म्हणाले आणि गेले.

नांदेडहून पनवेलपर्यंत रेल्वे, पुढं दोन एसटी बदलून मी रात्री कोकणातल्या एका गावात पोचले. खाडी जिथं समुद्राला मिळते, तिथलं एक लहानसं बंदर. लॉजवाल्या बाईंनी फोनवर 'समुद्रासमोर खोली' असं सांगितलं होतं. सकाळी खिडकी उघडली तर समोर समुद्र नव्हता. नजर जाईल तिथवर राखाडी, चकाकणारा चिखल, त्यात कुशीवर पडलेल्या होड्या आणि फार लांब एक पांढरी रेघ. चौदा-पंधरा तास प्रवास करून मी गाळ बघायला आले होते. स्वतःचीच कीव आली.

दूरवर काही बायका टोपल्या घेऊन शिंपल्या वेचत होत्या. त्या चालतात तर मी का नाही, असं म्हणून चपला हातात घेऊन मी निघाले. आधी जमीन कडक होती. मग घोटा बुडाला. मग एका पावलाला दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आत गेले आणि एक ओढला की दुसरा आणखी खाली जायला लागला.

हाका मारल्या. वारा उलटा होता. बायकांनी वर बघितलंसुद्धा नाही. लॉजवाल्या बाई फोन उचलेनात. तेव्हा मला त्या हात झटकणाऱ्या माणसाची आठवण झाली. धरण उतरलं की त्यांच्या गावाजवळ म्हशी गाळात रुततात आणि त्या काढायला हेच जातात, असं ऐकलं होतं. त्या क्षणी मी म्हैस व्हायलाही तयार होते. त्यांना फोन लावला.

"हां," पलीकडून आवाज आला.

"काका, मी गाळात अडकलेय."

वाटलं, आता तिकडं हात झटकला असणार.

"कुठवर?"

"गुडघ्यापर्यंत. दोन्ही पाय."

"पाणी येऊन राहिलं का जाऊन?"

पांढरी रेघ मघापेक्षा जाड दिसत होती. "येतंय."

"मग उभ्या कशाला राहिल्या? मागं बसा."

"चिखलात?"

"न्हाई, खुर्ची आणून देतो. बसा म्हणलं ना."

बसले. नवा ड्रेस होता. पुढचं त्यांनी एकेक करून सांगितलं. फोन चालू ठेवून ओढणीत गळ्याशी बांधा. अंग मागं टाका. पाय सरळ ओढू नका, घोटा हलवा, बाजूनं पाणी शिरू द्या. एक पाय सुटला की तो आडवा ठेवा, मग दुसरा. उठू नका, रांगत या. माझ्या गळ्याशी तो आवाज सारखा येत होता, "घाई न्हाई. दम खा. घाई न्हाई." इतक्या वर्षांत त्यांचा तो आवाज मी ऐकलेला नव्हता. मला रडू आलं. त्यांना ते ऐकू गेलं असणार, पण ते फक्त "घाई न्हाई" म्हणत राहिले.

कडक जमिनीवर पोचले तेव्हा परत निघालेल्या त्या बायकांनी मला धरून उभं केलं आणि पोटभर हसल्या. मी म्हणाले, "काका, बाहेर निघाले."

"हां. आंघोळ करा," म्हणाले आणि फोन ठेवला.

परत येताना धाकधूक होती. स्टाफरूमला हा किस्सा वर्षभर पुरला असता. महिना गेला, दोन गेले. कुणीच काही बोललं नाही. त्यांनी तो कुणालाच सांगितला नव्हता. एक दिवस दारात येऊन त्यांनी विचारलं, "पाणी परत येताना कसं दिसतं?"

मी सांगितलं. लाटा येत नाहीत. होड्यांच्या मागून गुपचूप शिरतं आणि पडलेल्या होड्या एकेक करून उभ्या राहतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तेवढ्या वेळात हात एकदाही हलला नाही.

निवृत्त झाले तेव्हा त्यांनी निरोप समारंभ होऊ दिला नाही. गेल्या उन्हाळ्यात हृदयविकारानं वारले. कॉलेजात दोन मिनिटं शांतता पाळली. दीड मिनिटात कुणाचा तरी फोन वाजला आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या हाताच्या झटक्याची नक्कल करून हसणंही झालं. मी हसले नाही, एवढंच. मी काही फार थोर नाही. त्यांची नक्कल मीही पूर्वी बरी करत असे.

वारण्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांचा मला मोबाइलवर एक फोटो आला होता. त्यांनी मला पाठवलेला तो एकमेव. फोटोत माणूस नाही, समुद्रही नाही, नुसता चिखल. खाली लिहिलं होतं, "एकटाच आलो. पाणी गेलंय. सहा तास लागतील म्हणतात. थांबून राहिलो."