थरथरत्या हातावरचं लिंग

दीड महिना मी गोळ्या घेतल्या नव्हत्या आणि घरात कुणाला याचा पत्ता नव्हता. रोज पाण्याचा पेला भरायचा, गोळी तोंडाजवळ न्यायची आणि मोरीत टाकून द्यायची. महादेवासाठी सोडलीय, असं मी स्वतःला बजावलं होतं. त्यामुळे ही लबाडी आहे असं वाटतच नव्हतं. उलट मोठा त्याग केल्याचा तोरा होता.

आम्ही परभणीजवळच्या झरीचे. मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, किराणा दुकान आणि माझं शिलाई मशीन, एवढा आमचा पसारा. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच चहा, हे लग्नाआधीपासून चालत आलेलं. लिंग हातातून पडू द्यायचं नाही, त्याच्यासारखा अपशकुन नाही, हे तर आईच्या दुधासोबत प्यालेलं.

गेल्या वर्षी चैत्रात माझी झोप उडाली आणि मला थकवाच येईना. तीन-तीन तास पूजा चालायची. अर्ध्या गावाचे ब्लाऊज मी फुकट शिवून दिले. समोरच्याच्या मनातलं मला कळतं असं वाटायला लागलं आणि मी ते तोंडावर सांगतही सुटले. सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. "माझ्या सुनेवर महादेवाची कृपा झाली," म्हणून त्यांनी गल्लीभर सांगितलं. बायका पाया पडायला यायच्या आणि मी पाय पुढं करायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. दिवाळीच्या सुमारास सगळं ओसरलं. वेणी घालायलाही हात उचलेना. तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, काहीतरी नेम मोडला असणार, देव कोपला. चढले तर कृपा, उतरले तर कोप. दोन्हीचं खापर आम्ही महादेवावर फोडून मोकळे!

शेवटी आमच्या अबोल मालकांनी मला गाडीवर बसवून परभणीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दिवाळीनंतरचं विचारलं, पण त्याहून जास्त चैत्रातलं विचारलं. मग म्हणाले, ती चढ आणि ही उतरण एकाच आजाराची आहे, बायपोलर म्हणतात त्याला. यात तुमचा दोष नाही, पण औषध नेमानं घ्यावं लागेल. नेम हा शब्द मला ओळखीचा होता. होळीपर्यंत मी माणसांत आले.

फक्त त्या गोळीनं हात थरथरायला लागला. चहा थोडा सांडला तर सांडला, पण एका सकाळी पूजेत लिंग तळहाताच्या कडेपर्यंत घरंगळलं. कसंबसं सावरलं. त्याच दिवशी मी ठरवलं, पूजा ठेवायची आणि गोळी सोडायची. डॉक्टरांना देवाधर्मातलं काय कळणार, म्हणून त्यांनाही सांगितलं नाही. आजार मोकाट आणि शिक्षा गोळीला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

हात थांबला, पण पूजेला बसायची इच्छाही गेली. जगूच नये असं वाटायला लागलं. हे आज लिहायला मला लाज वाटत नाही, कारण ते मी बोलत नव्हते, आजार बोलत होता. सासूबाईंना वाटलं, गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, स्नान केलं की बरं वाटेल. म्हणून श्रावणातल्या सोमवारी एसटीनं मला गंगाखेडला नेलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

स्नान करून सासूबाई दर्शनाच्या रांगेत लागल्या. मी घाटाच्या पायरीवर बसून राहिले. शेजारी एक म्हातारी, कपाळभर भस्म लावलेली, हातावर लिंग घेऊन पूजा करत होती. गोळी चालू असताना माझा थरथरायचा, त्याहून तिचा हात जास्त थरथरत होता. पण तिनं कोपर मांडीला टेकवलं होतं आणि हाताखाली पांढऱ्या वस्त्राची घडी ठेवली होती. पूजा झाल्यावर तिनं पिशवीतून गोळीचं पाकीट काढलं. पाकीट माझ्याच गोळीचं!

"मावशी, ही गोळी..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"बारा वर्षं झाले, लेकी. मनाचा आजार हाय. हात हालायलाय ते हिच्यानंच."

"मग लिंग पडंल म्हणून भ्या वाटत न्हाई?"

"वाटलं की. डाक्टरला सांगितलं, त्यांनी रक्त तपासून गोळी कमी केली. तरी थोडं ऱ्हायलं, म्हणून ही घडी." मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "तू सोडलीस व्हय गं?"

मला रडू फुटलं. तिनं पाठीवर हात ठेवला. "गोळी सोडल्यावर महादेव खूश होतो, हे कुणी सांगितलं तुला? उद्याच जाय डाक्टरकडं. खरं सांग."

सासूबाई परत येईपर्यंत ती गेलेली होती. नाव, गाव काहीच विचारलं नाही. त्याच गोळीची, त्याच पूजेची बाई नेमकी माझ्याच पायरीवर कशी, हे मी कुणाला पटवत बसत नाही. माझ्यापुरतं मला कळलं आहे.

घाटावरच मी सासूबाईंना सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी ओलं लुगडं पिशवीत भरलं. मग म्हणाल्या, "मीच कृपा कृपा करून नाचले, बाई. चल." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर मी पहिल्यांदा हातासकट सगळं खरं बोलले. ते रागावले नाहीत. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, त्रास झाला की बोलायचं, एवढंच म्हणाले आणि रक्त तपासून नव्यानं मात्रा ठरवली. मनावरचं ओझं उतरायला वेळ लागला, पण उतरलं. शरण जाणं म्हणजे काहीतरी सोडून देणं, असं मी समजत होते. आता वाटतं, शरण जाणं म्हणजे आपली लबाडी बोलून टाकणं आणि मिळालेला हात धरणं.

थरथर पूर्ण गेलेली नाही. परवा पूजेत हात जरा जास्तच हलला आणि मी डोळे मिटून घेतले. तळहाताखाली काहीतरी ऊबदार लागलं. डोळे उघडले तर सासूबाईंनी स्वतःचा हात माझ्या हाताखाली धरला होता.

"कर तू पूजा," त्या म्हणाल्या. "मी हाय खाली."