मेबलचा उजवा हात

गावातलं शेवटचं घर मागे पडून पाव तास झाला, तरी मेबल सायकलवर बसली नव्हती. दोन्ही हातांनी हँडल धरून, सायकलवर थोडा भार देत ती लंगडत चालली होती. सायकलच्या पलीकडून वसुधा चालत होती. रविवारचे साडेदहा वाजलेले. चर्चमधली मिस्सा आटोपून गोराईची माणसं घरोघर पांगली होती, आणि फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या अजून सुरू व्हायच्या होत्या. इतका मोकळा रस्ता पुन्हा दिवसभर मिळायचा नव्हता.

"मेबलताई, आता बस ना," वसुधा म्हणाली. "इथून सरळच तर आहे."

"बसते गो. त्या चिंचेपर्यंत जाऊ दे."

चिंच आली आणि गेली.

वसुधा सकाळपासून उद्याचाच विचार करत होती. बोरिवलीच्या ज्या नर्सिंग होममध्ये ती केसपेपरच्या टेबलावर बसते, तिथेच मेबल आया आहे. तिथल्या डॉक्टर मॅडमनी वसुधाच्याच हाती निरोप धाडला होता, सोमवारी सातच्या पाळीला मेबल आली तर ठीक, नाहीतर दुसरी बाई बघून ठेवलीय. मेबल सायकलवरून पडल्यापासून पाच आठवडे त्यांनी कळ काढली होती, त्यांना तरी काय बोलणार? सातला खाडीपलीकडे पोचायचं तर सहाची बोट धरायला हवी. पहाटे साडेपाचला गावातून जेटीपर्यंत न्यायला रिक्षा मिळत नाही. ॲम्ब्रोज, मेबलचा नवरा, तेव्हा मासेमारीला समुद्रात असतो. चालत जायचं तर तासाच्या वर लागतो, आणि दुखऱ्या गुडघ्याने तेवढं चालून दिवसभर उभ्याने काम कसं करायचं? म्हणजे सायकलच. आणि सायकलवर तर ती बसत नव्हती.

हीच मेबल बावीस वर्षं ह्या रस्त्याने सायकल मारत आली होती. बावन्नाव्या वर्षीही फ्रॉक गुडघ्यात चिमटून ती अशी टांग टाकायची की कॉलेजच्या पोरींनी बघत राहावं. जेटीपर्यंत सायकल, मग सायकलसकट बोटीत, पलीकडे उतरून पुन्हा सायकल. नर्सिंग होममध्ये जन्मलेल्या बाळाची पहिली अंघोळ मेबलच्या हातची. एका हातावर इवलासा जीव तोलून ती पाणी घालायची आणि त्याच्याशी बोलायची, "काय रे साहेब, एवढी घाई होती काय यायची?"

वसुधाला सायकल शिकवली तीही तिनेच. चाळिशी गाठलेली वसुधा रोज रिक्षाच्या रांगेत उभी राहून कावायची, तेव्हा मेबल म्हणाली होती, "ढुंगण आहे, पाय आहेत, आणखी काय लागतं?" मग महिनाभर गोराई जेटीच्या बोरिवलीकडच्या मैदानात ती वसुधाच्या मागून पळाली. ओढणी कमरेला गच्च बांध, चेनमध्ये गेली की गळा आवळते. उभ्या गाडीपासून एक दार सोडून जा, दार कधी उघडेल सांगता येत नाही. अगदी कडेने जाऊ नको, कडेला वाळू असते. रस्त्यात आपली जागा धर, लोक शिव्या घालतील, घालू देत, शिव्या घालतात म्हणजे त्यांना तू दिसलीस. आणि ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघू नको गो, तोंड खोटं बोलतं. गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघ. चाक वळतं तिकडे गाडी जाते.

हे सगळं वसुधाच्या अंगात इतकं मुरलं होतं की बाजारात पायी चालतानाही तिची नजर चाकांकडे जायची. म्हणूनच मेबल पडली हे कळलं तेव्हा तिला पहिल्यांदा धसका बसला. हिला जर धोका कळला नाही, तर मला कुठे कळणार आहे?

रस्ता आता तिवरांच्या कडेने जात होता. चिखलाचा वास येत होता. पुढे वळण दिसलं आणि वळणाच्या आतल्या अंगाला चुना मारलेला क्रूस. त्याच्यावर झेंडूच्या माळा होत्या, पायाशी मेणबत्त्यांचं मेण साचलं होतं.

"अजून फुलं घालतात वाटतं," वसुधा म्हणाली. मेबल पडली ती इथेच, आणि नंतर गावाने इथे नऊ दिवस प्रार्थना केली होती, हे तिने ऐकलं होतं. क्रूसाने मेबलला वाचवलं, असंच जो तो म्हणत होता.

मेबलची पावलं बारीक झाली.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. कुठली तरी पांढरी गाडी, आत गाणी लावलेली पोरं. गाडी चांगली चार हात अंतरावरून गेली. पण मेबलने सायकल टाकून दिली आणि वसुधाचा दंड असा धरला की नखं रुतली. सायकल खणकन आडवी झाली. मेबलचे डोळे मिटलेले, ओठ पांढरे. डोक्याचा रुमाल सरकून खाली आला. त्याच्याखाली केस मानेवर वेडेवाकडे कापलेले होते. कमरेपर्यंतची तिची वेणी गेली होती.

"ताई, हे कधी गं...?"

"बस इथे," मेबल म्हणाली. "नाहीतर मी पडेन."

रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर दोघी टेकल्या. वसुधाने पाण्याची बाटली दिली. मेबलने दोन घोट घेतले आणि रुमाल पुन्हा बांधला.

"सगळ्यांना सांगितलं वाळूवरून घसरले," मेबल म्हणाली. "वाळू होती. पण मी वाळूने नाही पडले."

"मग?"

"पहाटे इथून जाताना मी रोज हात करते, क्रूसाची खूण. बापाच्या, पुत्राच्या नावाने. लहानपणापासून. त्या दिवशी पण केला. उजवा हात सुटला, पुढचा ब्रेक सुटला, आणि डोळे एवढेसे मिटले. एवढेसे गो! उघडले तर समोर बर्फाचा टेम्पो, माझ्या बाजूला आलेला. डाव्या हाताने नुसता मागचा ब्रेक दाबला. मागचं चाक बाजूला घसरलं नि मी खाली."

वसुधाला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"टेम्पो थांबला तो माझ्या वेणीवर. चाक इथे," तिने कानापासून चार बोटं दाखवली. "टायर गरम असतो, तुला ठाऊक आहे? मान हलवता येईना. ड्रायव्हर मागे घ्यायला घाबरला, म्हणाला उतार आहे, गाडी पुढे सरकेल. मग कोणीतरी कोयत्याने वेणी कापली. तोवर मी त्या चाकाकडे बघत होते. तुला शिकवलं होतं ना, चाकाकडे बघ म्हणून?"

वसुधाला बोरिवलीतला तिचाच रस्ता आठवला. कॉलनीच्या कोपऱ्यावर मारुतीचं देऊळ आहे. तिथून जाताना तीही रोज उजवा हात काढून छातीला लावते, मान झुकवते. समोर सिग्नल, मागे बस. सायकल चालवायला लागल्यापासून तीन वर्षांत एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की त्या क्षणी ती कोणाच्या भरवशावर असते.

"आता लोक येतात, मेणबत्त्या लावतात," मेबल म्हणाली. "म्हणतात, मेबल, देवाने तुला उचललं. मी काय सांगू? त्याच्याकडे हात केला म्हणून पडले, हे सांगू? फादरला पण नाही सांगितलं. ॲम्ब्रोजला तर नाहीच."

"मग आता हात करू नको ना ताई. मनातल्या मनात म्हण. देवाला काय, मनातलं ऐकू येतं."

"तुला वाटतं मी उचलते हात?" मेबल एकदम चिडली. "तो उठतो! शनिवारी अंगणात बसले होते सायकलवर, एक पाय खाली टेकून. आमच्या चर्चची घंटा झाली. हात वर. मला कळलं पण नाही. आणि दाबून धरला ना, तर वाटतं, वाचवलं त्यानेच आणि मी आता तोंड फिरवून जाते. मग पुढच्या वेळी कोण वाचवेल? करू तरी भीती, नाही करू तरी भीती."

वसुधाने मनात रामाचं नाव घेतलं. मग उठून सायकल उभी केली, चेन बसवली, हँडल सरळ केलं. पुढच्या वळणावरून काही येतंय का ते पाहिलं.

"एकदा बस," ती म्हणाली. "मी मागून धरते. तू नाही का मला धरलं होतंस?"

मेबल बसली. वसुधाने कॅरियर पकडलं. दहा पावलं सायकल गेली, वीस गेली. क्रूस बाजूला आला आणि वसुधाने पाहिलं, मेबलच्या उजव्या हाताची बोटं हँडलवरून एकेक करून सुटत होती. सायकल डगमगली. वसुधाने सगळं बळ लावून ती थोपवली. मेबलचे दोन्ही पाय जमिनीवर आले, आणि ती हँडलवर कपाळ टेकून तशीच राहिली.

पुढच्या वळणाआड एक गाडी गिअर बदलत होती. आवाज जवळ आला, बाजूने गेला, लांब गेला. उद्या ह्या वेळेपर्यंत मेबलच्या जागी दुसरी बाई बाळांना अंघोळ घालत असेल, असं वसुधाला वाटून गेलं.

मेबलने मान वर केली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण शिकवताना असायचा तसा सरळ होता.

"वसू, आज राहतेस माझ्याकडे? घरी फोन कर. उद्या पहाटे माझ्या मागे कॅरियरवर बस. मी दोन्ही हात धरून ठेवते, तू आहेस म्हटल्यावर ठेवता येतील. इथे आलं की हात तू कर, माझ्या नावाने. कपाळ, छाती, डावा खांदा, मग उजवा. घाई करू नको. आणि झालं की मोठ्याने आमेन म्हण, म्हणजे मला मागे वळून बघावं लागणार नाही."