आधी कानाला, मग मनगटाला

कालव्याचा पूल मागं पडला तेव्हा पुंजारामकाका थांबले. दम लागला म्हणून नाही. संध्याताईंच्या हातातलं घड्याळ त्यांना ऐकायचं होतं. त्यांनी मान वळवून उजवा कान मनगटाजवळ नेला.

"लंगडून राह्यलंय," ते म्हणाले. "पण चालतंय. तुमच्या गुडघ्यावानीच."

संध्याताई हसल्या. त्या घनसावंगीच्या शाळेतल्या बाई. रामनवमीला पहाटे निघून जांबच्या राममंदिराला पायी जायचा त्यांचा नेम. वाटेत ओठांत रामनाम, कुणाशी फार बोलणं नाही. यंदा काकांची सोबत मिळाली होती. बसस्टँडसमोरच्या टपरीत चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा हा माणूस. टपरीत चढतानाही चपला खाली काढणार. कुणी घड्याळ दिलं की आधी कानाला लावायचं, मग उलटं करून डोळ्याला भिंग लावायचं. तबकडीकडं नजर सगळ्यात शेवटी. तोंड काय, कुणाचंही सजवता येतं, असं त्यांचं म्हणणं.

चालता चालता संध्याताईंनी सहज विषय काढला. लेकीचं लग्न ठरलंय, जावयाला चांगल्यातलं घड्याळ घ्यायचंय, येत्या रविवारी संभाजीनगरला जाणार आहे. दुकान कुठलं बरं? काका खुदकन हसले. तिथल्याच एका मोठ्या काचेच्या दुकानात ते दिवाळीत जाऊन आले होते.

पुण्याच्या तृप्तीनं, त्यांच्या लेकीनं, पैसे पाठवले होते. दादा, जन्मभर लोकांची घड्याळं पाहिली, आता स्वतःला एक घ्या, म्हणाली. काकांच्या मनात एकच होतं. ज्याच्या पाठीला काच असते आणि आत बारीक चाकं फिरताना दिसतात, असलं भारी घड्याळ टपरीवर कधी आलंच नव्हतं. ते चालताना वाजतं कसं, एवढं एकदा ऐकायचं होतं. डाव्या कानानं तर तेव्हाच दगा दिला होता.

दुकानाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. दरवानानं विचारलं, कुणाकडं आलात? घड्याळ घ्यायला आलो म्हटल्यावर त्यानं आत सोडलं. आत गारेगार. बसलेल्यांच्या हातात कॉफी, काका उभेच. पण त्यांना नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एवढी घड्याळं, आणि आवाज कशाचाच नाही. सगळ्यांचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर थांबलेले. त्यांच्या टपरीत गप्प बसलेलं घड्याळ म्हणजे आजारी घड्याळ. त्यांनी विचारलं, तर काउंटरमागचा टायवाला म्हणाला, ती नुसती मांडायची आहेत.

बऱ्याच वेळानं त्यानं एक चालू घड्याळ मखमलीवर ठेवलं. काकांनी सवयीनं ते उचललं, उलटं केलं, दुसऱ्या हातानं खिशातलं भिंग काढलं आणि घड्याळ कानाकडं नेलं. कानाला लागायच्या आत टायवाल्याच्या पांढऱ्या हातमोज्यानं ते काढून घेतलं. काका, हात लावायचा नाही, इथूनच बघा. भिंग पाहून आतला साहेबही बाहेर आला. तुम्हाला कुणी पाठवलंय, विचारू लागला. लेकीनं, काका म्हणाले. मग त्यांचा नंबर लिहून घेतला, फोन करतो म्हणाले. तो फोन काही अजून आला नाही.

राग नाही आला का, संध्याताईंनी विचारलं.

काका म्हणाले, "आल्ता ना. पण कोडं त्याच्याहून मोठं पडलं. त्या टायवाल्याच्या मनगटावर घड्याळच न्हाई. टाइम मोबाइलात पाहून राह्यला होता. ह्याच्या पोटात चाकं किती, इचारलं, तर कागद शोधाय लागला. मंग वाटलं, ह्यानं तरी कधी ऐकलं असंल का?"

संध्याताईंचं रामनाम थांबलं होतं. त्यांनाही आता ते कोडं सुटेना. चला की माझ्यासोबत रविवारी, त्या म्हणाल्या. काकांनी मान हलवली. गेलो की पुन्हा भिंग काढणार. हात ऐकत नाहीत. उगं तुमच्या जावयाचं घड्याळ राहून जायचं.

दूर देवळाचा कळस दिसला. दोघांनी हात जोडले. काकांचे हात जोडलेलेच राहिले.

"ताई, ते काचेच्या पाठीचं घड्याळ तुम्हाला हातात देतील. कानाला लावा एकदा. मोबाइलात भरून आणू नका, त्यो समद्याचा आवाज सारखाच करतो. कानानं ऐका, नाम ध्यानात ठेवता तसं बराबर ध्यानात ठेवा. अन् आल्यावर माझ्या टपरीच्या फळीवर बोटानं वाजवून दाखवा, जमंल तसं. पण जल्दी या. हा उजवा कान हाय तोवर."