नीट करून पाठवा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही धड कळत नाही. ऐका म्हणजे झालं.

मी पालमला शिक्षिका. गोरगरिबांच्या मुलांसाठी काम करणारी एक देशभर पसरलेली संस्था आहे; तिचा संध्याकाळचा वर्ग मी कितीतरी वर्षं चालवला, बिनपगारी. लोक मान देतात. सत्कारात शाल अंगावर पडली की माझी मान आपोआप खाली जाते — त्यांना तो विनय वाटतो. विनय कसला?

वर्गातली मुलं मजुरांची. आईबाप कापूस वेचायला, नाही तर शेतात खुरपायला. मी भलतीच कडक. नखं बघायचे, कान बघायचे, डोक्याला तेल नसलं की दारातूनच परत पाठवायचे. "नीट होऊन या" हे माझं पालुपद. पोरं माझ्यामागं माझी नक्कल करायची.

एकदा संस्थेचा फोटोग्राफर पुण्याहून येणार होता. देणगीदारांना दाखवायला मुलांचे फोटो हवे होते. मी सवयीनं आयांना निरोप धाडला — पोरांना नीट करून पाठवा. पूनमच्या आईनं, कांताबाईनं, तो शब्द मनावर घेतला.

पूनम आली ती — काय सांगू! नवाकोरा पिवळा फ्रॉक, चापूनचोपून तेल, दोन वेण्या वर बांधलेल्या, लाल रिबिनींची फुलं, गालावर पावडर. दारातच उभी राहिली, मी शाबास म्हणायची वाट बघत. आणि माझ्या मनात काय यावं? ही गरीब दिसतच नाही.

फोटोग्राफरनं तसं काही मागितलं नव्हतं. तो समोर टपरीवर चहा पीत होता, त्यानं पोरीला अजून पाहिलंही नव्हतं. त्यानं सांगितलं असतं तर दोष वाटून घेता आला असता. तीही सोय नाही.

मी पूनमला वर्गामागं नेलं. वाटपासाठी आलेल्या जुन्या कपड्यांतून एक विटका, उसवलेला झगा काढून तिला घातला. रिबिनी ओढून काढल्या, वेण्या सोडल्या. तेलानं केस बसलेले, विस्कटेनात — तेव्हा मूठभर माती घेतली आणि तिच्या डोक्यात चोळली. मी! कान तपासणारी बाई!

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, आईनं नीट केलं व्हतं."

"गप उभी राहा," मी म्हणाले.

फोटो झाल्यावर पिवळा फ्रॉक पुन्हा घातला. केसांचं काय करणार? कांताबाई कामावरून परस्पर न्यायला आली, हसतच. "काढला का बाई फोटू?" मग तिची नजर पोरीच्या डोक्याकडं गेली. "हे काय गं? आन् रिबिनी कुठं हाईत? कालच बाजारातून आनल्या व्हत्या की!"

पूनमनं माझ्याकडं बघितलं.

इथं — इथं जरा थांबते.

मी म्हणाले, "मातीत खेळत बसली. ऐकतच नाही. पाडल्या असतील कुठंतरी."

कांताबाईनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला. मग आणखी एक. आणि वर माझीच माफी मागितली. "तुमी येवढं सांगून बी हिनं नाक कापलं बगा माजं." रिबिनी माझ्या पर्समध्ये होत्या. पर्स खांद्याला होती. झिप उघडायला कितीसा वेळ लागला असता?

तो फोटो लय गाजला. संस्थेच्या पोस्टरवर आला, बघणाऱ्यांचे डोळे भरून येत, आणि वर्गाच्या छपराला नवे पत्रे मिळाले. कांताबाई भेटली की विचारायची, "आला का वो बाई फोटू?" मी म्हणायचे, त्यांनी पाठवलाच नाही. विचारता विचारता ती गेली. लेकीचा फोटो तिनं कधी पाहिला नाही.

परवा परभणीच्या स्टँडवर पूनम भेटली. तिनंच ओळखलं. पाया पडली, सासरचं सांगितलं. सोबत लेक — शाळेचा गणवेश, दोन वेण्या, लाल रिबिनी. एक सुटत आली होती. बोलता बोलता मी ती बांधायला हात पुढं केला.

पूनमनं लेकीला अलगद आपल्याकडं ओढून घेतलं.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. आवाज मऊच होता. "मी करते नीट."

मी हात मागं घेतला. पालमची गाडी लागली, तीत बसून घरी आले. त्या रिबिनी अजून माझ्याच कपाटात आहेत.