गावाखालचं तेल

ऐंशीच्या दशकात आमच्या नाशिक रोडच्या घरी वरच्या खोलीत सुदानच्या दक्षिण भागातला एक विद्यार्थी भाड्याने राहत असे. एकदा त्याचा गाववाला पुण्याहून येऊन त्याला भेटून गेला, तेव्हा हा विद्यार्थी मोडक्या मराठीत मला म्हणाला, "काकू, आमच्या गावाखाली तेल सापडलं."

माझ्या सासूबाईंनी लगेच त्याच्या हातावर साखर ठेवली. "मग आता राजा झालास की रे!"

त्याने ती खाल्ली. मग सांगितलं, की त्या जमिनीसाठी सैनिकांनी गाव जाळलं, गुरं नेली. आई कुठे पळाली, कुणाला ठाऊक नाही.

तेव्हापासून तो कॉलेजातून आला, की सासूबाई विचारायच्या, "आईचं काही कळलं का रे?"

शिक्षण संपवून निघताना, त्याची ट्रंक रिक्षात चढत असतानाही त्यांनी तेच विचारलं.

"नाही, आजी," तो म्हणाला.