आर्विडचं निदान

आमच्या आयोवात पिकाचं काही अडलं की लोक विद्यापीठाला फोन करत, आणि विद्यापीठातली माणसं आर्विड टॉलेफसनना. हे मी कौतुकानं सांगत नाही, मला त्याचा रागच यायचा. कृषी रसायनाची पदवी घेऊन आलेला हा माणूस इंजिन खोलायचा, गाईच्या पोटात आडवं आलेलं वासरू फिरवायचा, उपग्रहाच्या नकाशावरून कुठल्या कोपऱ्यात चुना कमी आहे ते सांगायचा, आणि वर मक्याचा भाव का पडला यावर जेवण थंड होईपर्यंत बोलायचा. नवरा गेल्यावर मी शेती हाती घेतली, तेव्हा माझी पहिली परीक्षा त्यांनीच घेतली.

"पोरी, मका पिवळा पडला तर काय देशील?"

"नत्र."

"बघितलंस का आधी? जुनं पान पिवळं असेल तर नत्र, नवं असेल तर गंधक. उगाच पोती ओतू नकोस."

गेल्या जूनमध्ये त्यांच्या बायकोचा, नॉर्माचा, फोन आला. रस्त्याकडेचं ऐंशी एकर सोयाबीन पिवळं पडलं होतं. त्या वर्षी तिथं साधं बियाणं होतं, तणनाशक सोसणारं नव्हे. हे आर्विड साफ विसरले आणि त्यांनी तणनाशक फवारलं. मग फवारल्याचंही विसरले. वर्षभर असंच चाललं होतं.

"डॉक्टरांचं ते ऐकत नाहीत," नॉर्मा म्हणाली. "तुझं ऐकतील. तूच सांग, आणि फवारणीयंत्राची किल्ली काढून घे."

मी हो म्हणाले आणि फोन ठेवताच स्वतःला शिव्या घातल्या.

मी पोचले तेव्हा आर्विड रानात गुडघ्यांवर बसले होते. झाड उपटून मुळांवरच्या गाठी नखानं फोडत होते.

"आत गुलाबी आहेत. मूळ ठणठणीत. रोग नाही, पाणी साचलेलं नाही. शेंड्याकडून पिवळं उतरतंय. कुणा गाढवानं तणनाशक मारलंय. आठ दिवस झाले असतील."

आठच झाले होते.

"कोण आहे हा शहाणा? बियाणं कुठलं हे तरी विचारायचं!"

ते तावातावानं ओळीतून पुढं निघाले, मी मागं. मधेच थांबले. समोर खोलीएवढा तुकडा हिरवागार होता आणि त्याच्या मधोमध, उघड्या मातीवर टिटवीची चार अंडी. फवारणाऱ्यानं तिथं तेवढ्यापुरतं औषध बंद केलं होतं.

टिटवीसाठी यंत्र थांबवणारा माणूस आमच्याकडे एकच. त्यावरून सगळे त्याची टिंगल करत, मीही. आर्विड कितीतरी वेळ अंड्यांकडे बघत राहिले.

"नॉर्मानं पाठवलं तुला?"

"हो."

मला रडू आवरेना. त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"उद्या मी ही मागायला येईन. आजचं काही आठवणार नाही मला. ओरडेन, वाटेल ते बोलेन. तू देऊ नकोस."

ते आले. सकाळी सातला, दाढी करून, कामाचे बूट घालून. दारात उभे राहून मला चोर म्हणाले. त्यांनी सांगितलं होतं, म्हणून मी ऐकून घेतलं.