आशाबाईंचा हात आणि माझ्या भाकऱ्या

गाडीचं दार उघडण्याआधी मागं बघावं, हे मी सगळ्या जगाला सांगत आलोय. त्या दिवशी पुंडलिकनगरात मी आधी दार उघडलं आणि मग मागं बघितलं. तोवर आशाबाई स्कूटीसकट रस्त्यावर, डबा गटारीत आणि ज्वारीचं पीठ सगळ्या गल्लीवर. कुणीतरी "आई गं!" म्हणून ओरडलं. तो मी होतो. आशाबाई उजवं मनगट धरून बसल्या आणि जमलेल्या लोकांना एवढंच म्हणाल्या, "गाडीचा नंबर लिवून घ्या रं."

मूळच्या पाचोडच्या या बाईंचं गल्लीत भाकरी केंद्र आहे. खोल्या करून राहणारी पोरं आणि नोकरीवाली जोडपी त्यांच्याच हातची भाकरी नेतात. तो हात मी मोडला होता, आणि आशाबाई विसरणाऱ्यांतल्या नव्हेत. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या काकासाहेबांच्या गिरणीत त्यांच्या ज्वारीत किडकी ज्वारी मिसळली गेली. बाई भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दळण थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, हर्सूलला न्यायला लागल्या. जाताना काकासाहेबांच्या दारात स्कूटी हळू करायची, डबा नीट दिसेल अशी. त्या दिवशी त्या तिकडूनच येत होत्या.

दवाखान्यात मी म्हणालो, "सगळा खर्च माझा."

"खर्चाचं ऱ्हाऊ द्या मास्तर. मला हात पाह्यजे. माझा नाय आला, तर तुमचा."

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट लाकूड झालं होतं. मी त्यांना सायलीकडं नेलं. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता फिजिओथेरपिस्ट. कोणतं काम करताना हाताला किती त्रास होतो, हे विचारणारा एक इंग्रजी फॉर्म ती मराठीत आणत होती. एक म्हणजे काहीच त्रास नाही, पाच म्हणजे जमतच नाही. "तुर्की बोलणाऱ्या रुग्णांसाठी झालंय सर, आपल्याकडं का नको?" असं म्हणून तिनं मराठी करायचं काम माझ्या गळ्यात घातलं होतं.

मी ऐटीत वाचायला लागलो. "घट्ट झाकणाची बरणी उघडणे?"

"मी झाकण घट्ट लावतच नाय."

"गोल्फ खेळणे?"

आशाबाईंनी सायलीकडं बघितलं. "ह्यांच्या डोस्क्याला बी मार लागलाय का?" मग कागदाकडं. "भाकरी कुठंय ह्याच्यात?"

कुठंच नव्हती. गोल्फ काढून 'भाकरी थापणे' घातलं, आणि नवा फॉर्म सायलीनं वीसेक रुग्णांकडून भरून घेतला. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर निकाल अजब होता. हात गळ्यात अडकवलेले बाप्ये, आणि भाकरीपुढं सगळ्यांचा 'एक'!

"असं कसं?" सायली गोंधळली.

"जल्मात थापली नाय त्यांनी. तरास कशाचा व्हतो?" असं म्हणत आशाबाईंनी गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला. नमुना म्हणून मीच भरलेला. त्यावरही 'एक'. अपघातानंतर त्या पहिल्यांदाच हसल्या. मला ते हसू आवडलं नाही.

"मास्तरला काईच तरास नाय म्हनं. उद्या साताला या."

गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? गिऱ्हाइकांच्या भाकऱ्या आशाबाईंची जाऊ रूपा करायची, पण तिच्या हाताला ती चव नाही. निम्मी गिऱ्हाइकं तुटली होती. हात परत आला नाही तर केंद्र बंद, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. आशाबाई स्टुलावर बसून माझ्या परातीवर नजर ठेवायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला ओळख करून द्यायच्या, "हे मास्तर. माझा हात ह्यांनीच मोडला. आता शिकायलेत." माझ्या भाकऱ्या काकासाहेबांच्या गिरणीपुढच्या गाईला घालायला मलाच धाडायच्या. गाय हुंगायची आणि तोंड फिरवायची. काकासाहेब रोज खुर्ची टाकून बघायचे.

दर पंधरा दिवसांनी सायली विचारायची, "भाकरी थापणे?"

"पाच."

"हात तर चांगला वळतोय सर," सायली मला बाजूला घेऊन म्हणायची, "मग पाच का?" मला जेवण जाईना. एका दारापायी मी एका बाईचं पोट बंद केलं होतं.

गेल्या गुरुवारी मी सहालाच पोचलो. आतून थपथप ऐकू येत होती. रूपा तर बाहेर भांडी घासत बसलेली. मी दारातून डोकावलो. परातीत आशाबाईंचा उजवा हात भाकरी फिरवत होता, कधी मोडलाच नव्हता असा. तव्यावरची भाकरी टम्म फुगलेली, टोपली निम्मी भरलेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पिठानं आलं असेल.

"आशाबाई! कधीपासून?"

"झाला की महिना."

"मग फॉर्मवर पाच काहून?"

त्यांनी दुसरी परात माझ्याकडं सरकवली. मी बसून पीठ मळलं. माझी पहिली भाकरी तव्यावर पडली आणि मधोमध चिरली. मी हात पुसून खिशातलं पेन काढलं.

"सायलीला कळवतो. आता एक लिहू ना?"

आशाबाईंनी तव्याकडं बघितलं.

"तुमची फुगंल तवा लिवा."